तोटा कोणाच्या वहीत?
फायनान्सच्या पदवी-अभ्यासाची प्रस्तावना

बारावीचा निकाल लागला की वाणिज्य महाविद्यालयांच्या कार्यालयांसमोर रांगा लागतात. त्या रांगांत गेल्या काही वर्षांपासून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘इथे शेअर मार्केट शिकवतात ना?’ विचारणारा मुलगा अठरा वर्षांचा असतो. त्याच्या मोबाइलवर डीमॅट खात्याचे ॲप आलेले असते किंवा आता येणारच असते. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वडिलांना वेगळेच विचारायचे असते : ‘हे करून नोकरी लागेल का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींबद्दल मी पुढे लिहिणार आहे. पण पदवीची तीन वर्षे (नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे ऑनर्स घेतले तर चार) ज्या प्रश्नाभोवती फिरतात तो तिसराच आहे, आणि तो प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. आजचा पैसा उद्याच्या आशेवर कोणी कोणाला द्यावा, किती मोबदल्यात द्यावा, आणि ती आशा फसली तर तोटा कोणाच्या वहीत लिहिला जाणार?

विषयाचे बहुतेक धागे या एका प्रश्नात सापडतात. आज आणि उद्या यांच्यामधल्या काळाला किंमत असते, तिला आपण व्याज म्हणतो. आशा फसू शकते, त्या शक्यतेला जोखीम म्हणतात आणि तिचीही किंमत ठरते. ‘कोणी कोणाला’ म्हटले की बँका, पतसंस्था, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, शेअर बाजार, भविष्य निर्वाह निधी अशी मधल्या मंडळींची सगळी फौज उभी राहते. राहिला शेवटचा भाग, तोट्याचा. त्या नावाचा पेपर कुठल्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही, पण जवळजवळ प्रत्येक पेपरात तो आहे. पहिल्या सेमिस्टरपासून विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, एवढ्या आग्रहापोटी मी हे पुस्तक लिहिले.

अभ्यासाची सुरुवात सगळीकडे एकाच धड्याने होते : पैशाचे कालमूल्य. आज हातात असलेले शंभर रुपये आणि वर्षाने मिळणारे शंभर रुपये सारखे नसतात, हे शिकवायला सूत्र फळ्यावर येते, मागोमाग कोष्टके येतात आणि आठवड्याभरात वर्ग गप्प होतो. वास्तविक महाराष्ट्रातल्या मुलाला हा धडा परका वाटायचे कारण नाही. खेड्यातला सावकार अजूनही ‘दरमहा शेकडा पाच’ असाच दर सांगतो. अडलेल्या माणसाच्या कानाला पाच हा आकडा लहान लागतो. वर्षाचे सरळव्याज त्याने साठ टक्के होते, आणि थकलेले व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात मिळवत गेले तर जवळजवळ ऐंशी टक्के. शहरात याच गोष्टीला चकचकीत रूप मिळते. ‘बारा टक्के फ्लॅट’ म्हणून एक लाखाचे कर्ज वर्षभराच्या हप्त्यांवर घेतले तर महिन्याला सुमारे ९,३३३ रुपये भरावे लागतात. एकूण व्याज बारा हजार, म्हणजे बारा टक्के, असा हिशोब घेणारा करतो. पण पहिला हप्ता भरल्यापासूनच मुद्दल कमी होऊ लागलेली असते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजले जाते. घटत्या शिलकीवर मांडणी केली की खरा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. ही मांडणी एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या विद्यार्थ्याला कर्जाची जाहिरात पुन्हा पहिल्यासारखी वाचता येत नाही.

उसाचे उदाहरण मी वर्गात नेहमी घेतो, कारण पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातून आलेल्या मुलांच्या घरचेच ते बिल असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गाळपाला आल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याजासह. समजा, तीन लाखांचे बिल त्या मुदतीनंतर साठ दिवस रखडले. शेतकऱ्याचे सुमारे ७,४०० रुपये व्याज कारखान्याकडे निघते. ते मिळाले नाही तर शेतकऱ्याने कारखान्याला दोन महिन्यांसाठी बिनव्याजी कर्ज दिले असाच त्याचा अर्थ होतो. त्याच काळात तो स्वतः सोसायटीच्या किंवा सावकाराच्या कर्जावर व्याज भरत असतो. कालमूल्याचे सूत्र इथे कोष्टकातून बाहेर येते आणि एका माणसाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेली रक्कम दाखवते.

भिशीचेही तसेच. जिथे रकमेवर बोली लागते, अशा भिशीत बारा जणी दरमहा पाच हजार घालतात. जिला घाई आहे ती साठ हजारांतले काही सोडून आधी उचलते आणि सोडलेली रक्कम सगळ्यांत वाटली जाते. लवकर उचलणारी कर्जदार असते, शेवटपर्यंत थांबणारी ठेवीदार. पहिलीने किती टक्क्यांनी कर्ज घेतले आणि शेवटचीला किती टक्के सुटले, हे काढायला लागते तेच गणित, जे तिसऱ्या वर्षी ‘अंतर्गत परतावा दर’ या नावाखाली कारखान्याच्या नव्या यंत्रासाठी शिकवतात. आपल्या आईच्या भिशीचा परतावा दर एक्सेलमध्ये काढून आणा, असा गृहपाठ दिला की वर्गात एरवी मागच्या बाकावर बसणारी मुले पुढे येतात. आणि एक प्रश्न न सांगता निघतो : उचल घेऊन एखादी मध्येच हप्ते द्यायची थांबली तर? भिशीत तारण नसते. तिथे ओळख असते, शेजार असतो आणि लाज असते. बँक याच जागी तारण मागते, जामीनदार मागते आणि सिबिलचा गुणांक बघते.

पहिल्या वर्षाचा मोठा वाटा हिशोबशास्त्राचा असतो : जर्नल एंट्री, लेजर, ट्रायल बॅलन्स, अखेर बॅलन्सशीट. घरी दुकान असलेल्यांनी रोजमेळ आणि खतावणी लहानपणापासून पाहिलेली असते, त्यांना हे सोपे जाते. बाकीच्यांना दोन्ही बाजू जुळल्या की हायसे वाटते आणि ‘टॅली झाली’ म्हणजे बरोबर आली, असा समज पक्का होतो. त्या समजाला धक्का द्यायला सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण पुरेसे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली की वह्यांमध्ये रोख व बँकशिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ती बॅलन्सशीटही जुळत होती. नावाजलेल्या हिशोब-तपासनीस संस्थेच्या सह्या तिच्यावर होत्या. दोन बाजू जुळतात तेव्हा लिहिणाऱ्याने नियम पाळलेला असतो. लिहिलेले खरे आहे की नाही हे बँकेकडून आलेल्या शिल्लक-दाखल्याने, गोदामात जाऊन मोजलेल्या मालाने आणि ग्राहकाने प्रत्यक्ष दिलेल्या पैशाने ठरते. म्हणून या पुस्तकात नफा-तोटा पत्रकाइतकीच जागा मी रोखप्रवाह पत्रकाला दिली आहे, आणि विद्यार्थ्याने ते आधी वाचावे असे सुचवले आहे.

आता थोडे इतिहासाकडे वळतो. फायनान्स हा विषय आपल्याकडे परदेशी पुस्तकांतून आला, अशी समजूत आहे. सिद्धान्तांच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. पण त्या सिद्धान्तांना जे प्रश्न सोडवायचे होते ते या मातीत फार आधी उभे राहिले होते, आणि त्यांची खूण मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारातच आहे. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यांच्या आईच्या नावाने ओळखला जातो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस बंद झाला आणि पश्चिम भारतातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या. त्यांचे शेअर घ्यायला कारकुनापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे धावले. त्या लाटेवरचे सगळ्यात मोठे नाव प्रेमचंद रायचंद यांचे होते, आणि विद्यापीठाला त्यांनी देणगी दिली तीही १८६४ सालची, लाट अगदी शिगेला असतानाची.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले आणि कापूस कोसळला. मुदतीच्या सौद्यांची देवाणघेवाण १ जुलै १८६५ रोजी व्हायची होती. त्या दिवशी देणे चुकवता येईल असे फार थोडे उरले. प्रेमचंद स्वतः दिवाळखोर झाले. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जे वाटली होती. शेअर पडले तेव्हा कर्जदार बुडाला आणि तारणही त्याच घटकेला बुडाले. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. तारण आणि कर्जदार एकाच कारणाने बुडणार असतील तर ते तारण नव्हेच, ही गोष्ट आज जोखीम-व्यवस्थापनाच्या पेपरात परदेशी उदाहरणांनी शिकवली जाते. टॉवर तेवढा पुरा झाला, १८७८ मध्ये.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग पुस्तकांत सहसा वेगळ्या प्रकरणात असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र वाचायची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही. मुंबईच्या दलालांनी ९ जुलै १८७५ रोजी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची जन्मतारीख. तिच्या दोन महिने आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांनी मागितले ते कर्जरोखे आणि वह्या, आणि हाती लागल्यावर त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. कारणांच्या वजनाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही : सारावाढ किती, सावकारी किती, कापसाच्या तेजीत सैल झालेले आणि मंदीत आवळलेले कर्ज किती. पण एक दिसतेच. तेजीच्या काळात पैसा मुंबईहून पेठेत आणि पेठेतून गावात उतरला होता, आणि परत मागितला गेला तेव्हा ज्याच्याकडे जमिनीशिवाय काही नव्हते त्याच्याकडून तो जमिनीच्या रूपाने वसूल झाला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा यातून आला. त्याने न्यायालयांना कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासायची मुभा दिली. कागदावर अंगठा आहे एवढ्याने देणे खरे ठरत नाही, हे त्या कायद्याने मान्य केले. फायनान्सच्या विद्यार्थ्याला हा कायदा कोणी शिकवत नाही. मी त्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे.

१९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. व्यापाराचे शिक्षण पेढीवर बसूनच मिळते, त्याला पदवी कशाला, असे म्हणण्याच्या काळात ही सुरुवात झाली होती. १९१८ ते १९२० या काळात तिथे राजकीय अर्थशास्त्र शिकवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ आपल्याकडच्या फायनान्सच्या विद्यार्थ्याने एकदा तरी चाळावा, असे मला मनापासून वाटते. रुपयाचा पौंडाशी असलेला दर टिकवण्यात सरकार गुंतले होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की रुपयाची देशातली क्रयशक्ती स्थिर राहिल्याशिवाय रुपया स्थिर झाला असे म्हणताच येत नाही. रुपया पडला की निर्यातदाराला लाभ होतो, हे खरे. पण भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून तो लाभ मजुराच्या ताटातून येतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. विनिमय दरासारख्या रुक्ष विषयावर लिहितानाही भार कोणावर पडतो ही नजर त्यांनी ढळू दिली नाही. १९२५ मध्ये भारतीय चलनावर नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

आजचा विद्यार्थी मुंबईत असेल तर त्याच्यासमोर साधे बी.कॉम. असते, शिवाय बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्स), बीबीआय (बँकिंग अँड इन्शुरन्स), बीएफएम (फायनान्शियल मार्केट्स) असते. पुण्यात, नागपुरात, संभाजीनगरात आणि पणजी-मडगावकडे नावे थोडी बदलतात. नावांच्या फरकाने फार बिचकू नये. पहिली दोन वर्षे सगळीकडे हिशोब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, करार कायदा, कर आणि वित्तव्यवस्थापन यांतच जातात. खरा फरक शेवटच्या वर्षी पडतो. रोखे-विश्लेषण, पोर्टफोलिओ, डेरिव्हेटिव्ह, परकीय चलन हे विषय तेव्हा येतात, आणि ते शिकवणारा माणूस कसा आहे यावर पदवीचे मोल ठरते.

या शेवटच्या वर्षात जो सिद्धान्त शिकवला जातो तो बराचसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी एका छोट्या निबंधात दाखवले की शेअर एकेकटा धोकादायक आहे की नाही हे पाहून भागत नाही. तो बाकीच्या शेअरांबरोबर वर जातो की उलट दिशेने, हे पाहावे लागते. १९६४ मध्ये विल्यम शार्प यांनी त्यावर आधारलेले जोखमीच्या किमतीचे सूत्र दिले. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांच्या कामातून ऑप्शनची किंमत काढायची रीत मिळाली. हे सिद्धान्त सुंदर आहेत. मुलांना ते अवघड म्हणून भीतीने शिकवू नयेत. ज्याला सरासरी आणि प्रमाण विचलन नीट समजले आहे त्याला मार्कोविट्झपर्यंत पोचता येते. मात्र याच्या लगेच पुढच्या तासाला १९९८ सालची गोष्ट सांगितली पाहिजे. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते दोघे ज्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडात भागीदार होते तो फंड पुढच्याच वर्षी, रशियाने कर्जफेड थांबवल्यानंतर, कोसळला. चौदा वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून तो सावरला, कारण तो तसाच पडू दिला असता तर त्याच्याशी व्यवहार केलेले सगळेच अडचणीत येते. सूत्रे चुकीची नव्हती. शांत काळात वेगवेगळ्या दिशांनी चालणारे भाव घबराटीत एकाच दिशेने पळतात, आणि फंडाने स्वतःच्या भांडवलाच्या कितीतरी पट कर्ज उचललेले होते. १८६५ ची मुंबई आणि १९९८ चे न्यूयॉर्क यांच्यात सव्वाशेहून अधिक वर्षे आहेत, पण तारण आणि कर्ज एकदम बुडण्याची रीत तीच.

आता प्रवेशाच्या रांगेतल्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. होय, मार्केट शिकवतात. ते शिकवताना जे सगळ्यात आधी सांगायला हवे ते सेबीने स्वतःच मोजून ठेवले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत इक्विटी फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतली मुले मोठ्या संख्येने आहेत. वसतिगृहातल्या खोलीत, मेसचे पैसे घालून, ‘एक्स्पायरी’च्या दिवशी दुपारी मोबाइलला डोळे लावून बसलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना रागावून काही होत नाही. त्यांना ऑप्शनची किंमत कशी बनते, मुदत जवळ येते तशी ती रोज कशी झिजते, दलाली आणि कर प्रत्येक सौद्यातून किती कापला जातो, आणि समोरच्या बाजूला यंत्राने सौदे करणाऱ्या संस्था कशा बसलेल्या असतात, हे शिकवावे लागते. डेरिव्हेटिव्ह हे मुळात जोखीम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवायचे साधन आहे. सोयाबीनच्या किंवा डॉलरच्या भावाची ज्याला धास्ती आहे तो ती दुसऱ्याला देतो आणि निश्चिंत होतो. ती घेणाऱ्याच्या जागी आपण उभे आहोत हेच न कळणे, हा या मुलांचा घात आहे.

दुसरे टोक म्हणजे बँकेतली मुदत ठेव, जिला आपल्याकडे जोखीमच नाही असे मानतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ठेवी कितीही असोत. बँकेच्या कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहात अडकला होता. त्या वेळी ठेव विम्याचे संरक्षण एक लाखाचे होते, १९९३ पासून तेवढेच. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाख झाले. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण निवृत्तीचे सगळे पैसे एकाच शाखेत ठेवलेल्या माणसांनी दरम्यान जे भोगले ते कुठल्या पत्रकात येत नाही. महाराष्ट्रात सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगाव आहेत. त्यांनी छोट्या माणसाला कर्ज दिले, उद्योग उभे केले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांचे ताळेबंद वाचता येणारी मुले त्यांच्याच गावांतून तयार व्हावीत असे वाटते. वार्षिक सभेत चहा-बिस्किटे घेऊन अहवाल बगलेत मारून घरी येणाऱ्या सभासदांमध्ये एकाने तरी उभे राहून विचारावे : सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे आपल्या कर्जाचा किती भाग आहे, आणि थकबाकी किती? फायनान्सचा पदवीधर एवढे करू शकला तरी त्या गावाने त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च भरून निघतो.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही सरळ द्यायला हवे. पदवी हाती आली की गुंतवणूक बँकेत खुर्ची मिळते, असे होत नाही. पहिली नोकरी बहुधा कर्जाच्या अर्जांची छाननी, केवायसी, नोंदींची जुळवणी, हिशोब तपासणीत मदतनीस, विमा दाव्यांची तपासणी अशा कामांत मिळते. ही कामे हलकी नाहीत. कर्जाच्या शंभर अर्जांमागची शंभर घरे ज्याने कागदांतून पाहिली त्याला पत म्हणजे काय ते कळलेले असते. पुढे जायचे असेल तर सीए, सीएफए, ॲक्चुअरी, एमबीए हे रस्ते आहेत. सीएची आर्टिकलशिप २०२३ पासून दोन वर्षांची झाली आहे. सकाळी सातचे कॉलेज आणि दहापासून ऑफिस, असे दिवस काढणारी मुले मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या कष्टांचे मोल मी जाणतो. तरी एक सांगतो : कॉलेजला केवळ हजेरीपुरते येऊन पदवी पदरात पाडून घेतली तर अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र कायमचे कच्चे राहते, आणि तिशी उलटल्यावर, निर्णय घ्यायची जागा आली की ते उणे जाणवते.

गणिताची धास्ती हा वेगळा विषय आहे. बारावीला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलेली मुले-मुली ‘आम्हाला जमणार नाही’ असे आधीच ठरवून येतात. या पदवीला लागणारे गणित म्हणजे टक्केवारी, घातांक, थोडे लॉगॅरिदम, सरासरी-विचलन आणि समीकरण मांडायची सवय. या पुस्तकात ते शून्यापासून घेतले आहे, आणि प्रत्येक सूत्राआधी त्याचे उदाहरण कागद-पेन्सिलने सोडवून दाखवले आहे. एक्सेल नंतर. भाषेची अडचण मात्र खरी आहे आणि ती मुलाची चूक नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला संकल्पना कळते, पण इंग्रजी पेपरात ती लिहिताना हात अडतो, मग ती गाइडमधले उत्तर पाठ करते. म्हणून इथे स्पष्टीकरण मराठीत आहे आणि संज्ञा वर्गात बोलतात तशाच ठेवल्या आहेत : बॅलन्सशीट, डिबेंचर, हेज, मार्जिन. पाठांतराचा भरवसा तसाही धरू नये. १९६१ चा प्राप्तिकर कायदा पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनी कलमांच्या क्रमांकांसह घोकला. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो आणि ते क्रमांक निरुपयोगी होतात. उत्पन्न कशाला म्हणायचे आणि कोणाचे, हे ज्याला समजले होते त्याचे फारसे काही वाया जात नाही.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. कोणता शेअर घ्यावा हे नाही, चार्ट पाहून उद्याचा भाव सांगण्याच्या रीती नाहीत, क्रिप्टोवर स्वतंत्र प्रकरण नाही. विद्यापीठांचे अभ्यासक्रम वरचेवर बदलतात, त्यामुळे प्रकरणांचा क्रम कुठल्याही एका विद्यापीठाशी बांधलेला नाही. अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रकरणासमोर ते साधारण कितव्या सेमिस्टरला लागेल एवढे दिले आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक खरा कागद वाचायला सुचवला आहे : आपल्या गावच्या पतसंस्थेचा अहवाल, घरच्या कर्जाचे मंजुरीपत्र, विमा पॉलिसीतली बारीक अक्षरे, उसाचे बिल, एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल. हे कागद घरातून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळतात, पैसे पडत नाहीत. प्रत्येक कागदासोबत तीनच प्रश्न आहेत : पैसा कोणाचा, किती मुदतीसाठी, आणि बुडाला तर कोणाचा बुडेल. त्यांची उत्तरे मी पुस्तकात दिलेली नाहीत, कारण दर घरी कागद वेगळा असणार. शिक्षकांना विनंती आहे की ही उत्तरे त्यांनी वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत आणि मुलांना एकमेकांचे आकडे तपासू द्यावेत. त्यासाठी प्रकरणामागे एक तास जादा धरला तर पुस्तक दोन सेमिस्टरांत नीट पुरे होते.